तक्रार खरी धरायची

अण्णांचा कॉम्प्युटर मधेच हँग होतो, हे मला फोनवर कळलं तेव्हा मी वैतागले. दिवसभर दुकानात लोकांची मशीनं उघडून बसायचं आणि संध्याकाळी बापाचं उघडायला जायचं, म्हणजे स्वयंपाक्याने घरी येऊन परत कढई चढवण्यातला प्रकार. मी म्हटलं, बंद करून पुन्हा चालू करा. पलीकडून विचारणा झाली, की गिऱ्हाइकांनाही तू हेच सांगतेस का, मग दुकानाला कुलूप लाव. आणि फोन ठेवला गेला.

अण्णा म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं त्यांनी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, आणि ज्या दुकानात केले तिथेच आता मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. लहानपणी मी त्यांच्या टेबलाखाली बसून सांडलेले स्क्रू डब्यांत निवडून ठेवायचे, म्हणून घरात माझं नावच स्क्रू पडलं. त्याच्यामागे 'ढिला' हा शब्द जोडायचा अधिकार फक्त आईला होता आणि तो ती सढळ हाताने वापरायची.

दुकान माझ्याकडे आलं ते अण्णांच्या पद्धतीसकट आलं. गिऱ्हाईक आलं की आधी वही उघडायची. वहीत तीन रकाने: तक्रार, काय बदललं, दोष. तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईक बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, तारीख आणि वेळ घालून. मशीनला हात त्यानंतर. एका वेळी एकच पार्ट बदलायचा आणि मग वाट पाहायची. काढलेल्या पार्टला चिठ्ठी चिकटवून तो डब्यात ठेवायचा, कारण दोष दुसरीकडे निघाला तर त्याला परत त्याच्या जागेवर बसवायचं असतं. दोष सापडल्यावर मशीन तीस दिवस चालवून बघायचं आणि मगच शेवटचा रकाना भरायचा. आणि या सगळ्याच्या वरचा नियम, जो मला दहाव्या वर्षापासून पाठ होता: तक्रार खरी धरायची. गिऱ्हाईक म्हणतं खरखर येते, तर खरखर येतेच. आपल्याला ऐकू येत नसेल तर आपण कान साफ करून यायचं. मशीन सोडून माणसात दोष शोधायला लागलं की कारागीर संपला, असं अण्णा म्हणायचे.

दुकान सोडल्यावर दोन वर्षं ते खिडकीत बसून होते. समोरचे निवृत्त पोस्टमन त्यांच्या खिडकीत, हे आपल्या खिडकीत. दोघं एकमेकांकडे बघून हातसुद्धा करायचे नाहीत. मला ते बघवेना. शेवटी मीच उरलेसुरले चांगले पार्ट जुळवून त्यांना एक कॉम्प्युटर करून दिला आणि म्हटलं, तुमच्या अकरा वह्या टाइप करून द्या, अडतीस वर्षांचे दोष आहेत त्यांत आणि शाई उडत चाललीय. शाई हे निमित्त होतं, हे त्यांना कळलं असणारच. पण त्यांनी ते काम म्हणून घेतलं. रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर दहाला ते आतल्या खोलीत मशीनपुढे बसायचे. दोन बोटांनी, जीभ दाताखाली धरून टाइप करायचे. वर्षभरात साडेसहा वह्या झाल्या. पाठ ताठ झाली, आईशी भांडायचा जोर परत आला. आणि मग हे हँग होणं सुरू झालं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा ते म्हणाले, असंच चालणार असेल तर मी आपला खिडकीत बसतो. खिडकीतले अण्णा मला परत नको होते. मी म्हटलं, दोष मी शोधून देते, तुम्ही काम सोडायचं नाही. असा शब्द दिला मी त्यांना.

तर बारावी वही उघडली. या वेळी गिऱ्हाईक स्वतः अण्णा, त्यामुळे नोंदी कशा, तर बघत राहावं अशा. 'मंगळवार, ११ वाजून ५ मिनिटं. टाइप करताना थांबलं. पडद्यावरचं घड्याळ ५ वरून एकदम ८ वर.' 'शुक्रवार, ४ वाजून ४० मिनिटं. थांबलं. एकच अक्षर दोन पानं भरून उमटलं. खोडलं.' 'सोमवार, १० वाजून ५२. थांबलं. परत चालू झालं तेव्हा चहावर साय.' मी वाचून हसले. चहा कशाला लिहिलात, तो काय मशीनचा पार्ट आहे? तर म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल ते सगळं लिहायचं, निवडायचं नाही.

मी कामाला लागले. डबा उघडला, धूळ काढली, पंखा बदलला. प्रोसेसरवरचं वाळलेलं पेस्ट खरवडून नवं लावलं. पाच दिवस काही झालं नाही, सहाव्या दिवशी नोंद. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, एक काढून आठवडाभर चालवलं, मग ती लावून दुसरी काढली. नोंद दोन्ही वेळा. घड्याळ उडी मारतं म्हणून बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलला. खरं तर सेल उतरला की घड्याळ मागे पडतं, असं पुढे उडत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बदलला. एकच अक्षर पानभर उमटतं म्हणून कीबोर्ड बदलला, आणि तेच परत झालं तेव्हा आणखी एकदा बदलला. हार्ड डिस्क बदलली. पॉवर सप्लाय बदलला. काढलेला प्रत्येक पार्ट अण्णांनी लिहिलेली चिठ्ठी लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. चार महिन्यांत त्या डब्यात आणखी एक कॉम्प्युटर जमला.

मी स्वतः समोर बसले की मात्र ते एकदाही अडकायचं नाही. तुला घाबरतं, अण्णा म्हणायचे. मी ते उचलून दुकानात नेलं आणि दहा दिवस त्याच्यावर मरणाचं काम लादलं. पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी नोंद. दुकानात ठीक आणि घरी बिघाड, म्हणजे घराच्या विजेत खोट, हे कुठलाही कारागीर सांगेल. वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट बदललं, अर्थिंग तपासलं, वीज उत्तम आहे म्हणाला आणि गेला. मी तरीही बॅटरीचा डबा मध्ये जोडला. टेबल या खोलीतून त्या खोलीत नेलं. नोंदी चालूच होत्या, आठवड्याला दोन होत्या त्या आता चार झाल्या.

अशाच एका रविवारी मी टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात पालथी पडले होते. आई दारात येऊन उभी राहिली. हात पुसत म्हणाली, "हल्ली हाक मारली की ओ देत नाहीत गं. समोर बसलेले असतात, डोळे उघडे असतात, तरी."

"चाळीस वर्षं सराव केला, तेव्हा कुठे जमायला लागलंय," अण्णा म्हणाले.

मी टेबलाखाली खो खो हसले. आणि वर म्हटलं, "आई, एका वेळी एकच तक्रार. आधी हे मशीन होऊ दे."

आई आत गेली. तिने परत तो विषय काढला नाही. तिला मशीनमधलं काही कळत नाही हे आमच्या घरात गृहीत होतं, तिलाही ते मान्य होतं. वही टेबलावर उघडी पडली होती, पेन तिच्यातच होतं. तिचं बोलणं लिहून घ्यावं असं आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या दिवशीचं माझं हसू मला अजून ऐकू येतं, आणि ऐकू आलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सातव्या महिन्यात माझा धीर सुटला. शनिवारी दुकान लवकर आवरून गेले होते. वहीत त्या आठवड्याच्या सहा नोंदी. मी चिडून म्हटलं, तुम्हीच काहीतरी भलतंसलतं दाबत असाल, दुनियेत कुणाचं मशीन असं वागत नाही. अण्णांनी चष्मा काढला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "स्क्रू, तक्रार खरी धरायची."

मला लाज वाटली. मग त्यांनीच तोडगा सुचवला. सहाव्या वहीत एका शिवणकामवाल्या बाईच्या रेडिओची हकीकत होती. तो फक्त ती एकटी असली की बंद पडायचा. अण्णांनी त्याच्या आत एक छोटं घड्याळ जोडलं, रेडिओची वीज तुटली की तेही थांबेल असं. आठवड्याने उघडून पाहिलं तर घड्याळ किती मागे पडलंय यावरून रेडिओ किती वेळ बंद होता ते कळलं आणि दोष सापडला. आपल्यासमोर जो चोरी करत नाही त्याच्यावर पहारा बसवायचा, अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटरवर पहारा बसवणं त्याहून सोपं. मी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. दर पाच सेकंदांनी त्याने एका फाइलमध्ये वेळ लिहायची, आणि कुठलं बटण दाबलं गेलं, माउस हलला का, तेही लिहायचं. मशीन अडकलं तर प्रोग्रामही अडकेल आणि फाइलमध्ये तेवढ्या वेळेचं भगदाड पडेल. अण्णांना तो इतका आवडला की त्यांनी पोस्टमनांना खिडकीतून हाक मारून सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी फाइल आणि वही दुकानात घेऊन आले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पहारा बसवल्यानंतरची पहिली नोंद: सोमवार, ११ वाजून ८ मिनिटं, तीन मिनिटं अडकलं. फाइलमध्ये ११.०८ काढलं. ओळींखाली ओळी, पाच सेकंद, पाच सेकंद, पाच सेकंद. एकही गाळलेली नाही. मला वाटलं अण्णांच्या घड्याळात फरक असेल. पुढची नोंद काढली, तिच्या पुढची काढली. कुठेही भगदाड नव्हतं. मग मी बटणांच्या नोंदी बघितल्या. सोमवारी ११.०८ ला शेवटचं बटण, आणि त्यानंतरचं ११.११ ला. मधली तीन मिनिटं मशीन जागं होतं, वेळ लिहीत होतं, आणि कोणी काही दाबायची वाट पाहत होतं.

नोंदी सात होत्या. साती ठिकाणी हेच.

आता मला आधी काय वाटलं ते लिहिलं पाहिजे, कारण अण्णांच्या वहीत निवडून लिहायचं नसतं. मला राग आला. म्हातारा डुलक्या काढतो आणि मला सात महिने नाचवतो, हे माझ्या मनात आलं. मी तशीच शटर ओढून निघाले, की आज रंगेहाथ पकडायचं. दहा मिनिटांचा रस्ता मी सहा मिनिटांत चालले. चालताना वाक्यं जुळवत होते, एकाहून एक खोचक.

अण्णा मशीनपुढेच होते. मी वही टेबलावर ठेवली आणि मागे स्टूल ओढून बसले. म्हटलं, चालू द्या तुमचं, मी नुसती बघते. ते खूश झाले. टाइप करता करता त्या वेळच्या गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागले. एक गृहस्थ होता, टीव्हीला मुंग्या लागल्यात म्हणून डबाभर साखर घेऊन आला होता, की साखर बाहेर ठेवू म्हणजे मुंग्या आपोआप बाहेर येतील. मी म्हटलं मग पुढे? ते म्हणाले, "मग मी त्याला म्हटलं, अहो..."

आणि थांबले.

मला वाटलं शब्द आठवतायत. पाठ ताठ होती, मान सरळ होती, डुलकी वगैरे काही नव्हती. मी वाकून बाजूने पाहिलं. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं. ओठ बारीक हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासत होती, वायरचं टोक पिळतात तशी. मी अण्णा म्हणून हाक मारली. परत मारली. खांद्याला हात लावला. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दिसत होतं, ४ वाजून १६. मग १७ झाले. ते नीट चालू होतं. त्या खोलीत सगळं नीट चालू होतं. मी वळून पाहिलं तर आई दारात उभी. किती वेळची उभी होती कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. तिला ते बघायची सवय झाली होती.

१८ झाले. अण्णांनी एक खोल श्वास घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि टेबलावर थाप मारली.

"बघ! आत्ता अडकलं होतं. सोळावरून अठरा. पाहिलंस ना तू?"

"पाहिलं अण्णा."

"हुश्श. मला आपलं वाटायला लागलं होतं, की तू विश्वास ठेवत नाहीस. तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस ना, आता अर्धं काम झालं."

आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी वही ओढली, नोंद केली आणि तिच्यापुढे पहिल्यांदाच 'साक्षीदार: स्क्रू' असं लिहिलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आईने नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

सांगणं मलाच भाग होतं. डॉक्टरचं त्यांनी ऐकलं नसतं, कागद दाखवल्याशिवाय तर कुणाचंच नाही. दुसऱ्या दिवशी दहाला, ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले तेव्हा, मी फाइलचे छापील कागद वहीशेजारी ठेवले. त्यांनी फूटपट्टी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. मध्ये एकदाच विचारलं, या पहाऱ्याचं घड्याळ बरोबर आहे हे कुणी तपासलं. मी म्हटलं, काल माझ्या मनगटावरचं घड्याळ सोबत होतं, दोन्ही बरोबर चालली. त्यांनी मान हलवली. प्रश्न योग्य होता आणि उत्तरही, असं त्यांना वाटलं असावं. मग फूटपट्टी बाजूला ठेवली.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग त्याचे पार्ट परत लाव. उगाच बिचाऱ्याला सात महिने सोललं आपण."

मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले जाऊ की, पण पार्ट विसरू नकोस. त्यांचा आवाज ठीक होता. कागद गोळा करताना मात्र कडा जुळेनात, आणि मी त्या जुळवायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

मेंदूच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. अण्णांनी त्यांच्यापुढे बारावी वही ठेवली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, बाहेर रांग असताना. असं टिपण मला आजवर कुठल्याही पेशंटने आणून दिलेलं नाही, त्या म्हणाल्या, आणि अण्णा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे आमच्याकडे बघू लागले. मग तपासण्या झाल्या. डाव्या कानाच्या वर, आत, एक गाठ होती. अण्णांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, सात महिन्यांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी वहीतली पहिली तारीख परत एकदा बघितली. नक्की सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. मी जागची हलले नाही. तेव्हा म्हणाल्या, गाठ लहान असताना काढणं सोपं जातं. आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

ऑपरेशन झालं, अण्णा घरी आले, आणि त्यानंतर अकरा आठवडे आमच्यात होते. शब्द मात्र सगळे एकमेकांत मिसळले होते. पेचकसाला चमचा म्हणत, आईला ताई. मला बघून हसत, पण नाव येत नसे. कधी सकाळी दहाला आपोआप उठून मशीनपुढे जाऊन बसायचे. मी चालू करून द्यायचे. ते बटणं दाबायचे, पडद्यावर उमटलेल्या अक्षरांकडे बघायचे आणि खिन्न व्हायचे. एकदा त्यांनी पत्र्याच्या डब्यावर बोट आपटलं. "पार्ट," म्हणाले. एवढा एक शब्द त्या दिवशी बरोबर जागेवर होता. मी म्हटलं उद्या लावते. मी रोज उद्या म्हणत होते. पार्ट परत लावले म्हणजे दोष सापडला, दोष सापडला म्हणजे तक्रार बंद करायची, आणि मला ती बंद करायची नव्हती. हे त्यांना सांगता आलं असतं तर ते रागावले असते. मग एका मंगळवारी दुपारी ते गेले, आणि माझा उद्या तसाच राहिला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तो पत्र्याचा डबा काढला. उलट्या क्रमाने, शेवटचा पार्ट आधी. पॉवर सप्लाय, डिस्क, पहिला कीबोर्ड, तो बटणाएवढा सेल, रॅमची पट्टी. पंखासुद्धा जुनाच लावला. एका वेळी एक. प्रत्येक चिठ्ठीवर अण्णांचं अक्षर होतं आणि ते पार्टागणिक थोडं थोडं खाली उतरत गेलेलं होतं. ओळ सुटलेली दिसत होती, कुठलाही डोळस माणूस ते बघू शकला असता. मी त्या चिठ्ठ्या सात महिने स्वतःच्या हाताने चिकटवत होते.

मग तीस दिवस. नववी वही अर्ध्यात राहिली होती. मी सकाळी दहा ते बारा दुकान बंद ठेवून त्यांच्या खुर्चीत बसायला लागले. नववी पुरी केली, दहावी केली, अकरावी केली. पहारा चालूच ठेवला होता. मी मशीनची अक्षरशः विनवणी करत होते की बाबा, एकदा अडक. एकदाच. म्हणजे मी मूर्ख नव्हते असं होईल, म्हणजे फाइल खोटी आणि डॉक्टर खोट्या आणि कदाचित तो मंगळवारही खोटा. ते अडकलं नाही. जुन्या पार्टांवर, जुन्या पंख्यावर, तीस दिवसांत एका सेकंदाचंसुद्धा भगदाड पडलं नाही.

एकतिसाव्या दिवशी मी बारावी वही उघडली. दोष या रकान्यात लिहिलं: 'मशीनमध्ये काही नाही. तपासणारीने गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही.' आई चहा घेऊन आली होती. ती माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली. सगळं होऊनसुद्धा, मी सांगितलं होतं, असं एकदाही ती म्हणाली नव्हती. भांडली असती तर मला झेपलं असतं.

मी पान उलटलं आणि नवीन ओळीवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: 'हाक मारली की ओ देत नाहीत. समोर असतात, डोळे उघडे असतात, तरी.' पुढे लिहिलं, तक्रार करणारी: आई. मग तारखेपाशी अडले. तो टेबलाखालचा रविवार कुठला होता, मला आठवेना.

"आई, तू ते बोललीस ती तारीख कुठली गं?"

"तो रविवार होता ना, तो नंतरचा," आई म्हणाली. "तुला बोलले तो. मला पहिल्यांदा दिसलं ते त्याच्या कितीतरी आधी."

आणि तिने तारीख सांगितली. आठवायला थांबली नाही. कुठलं भांडं हातात होतं, अण्णा कुठल्या खुर्चीत होते, तेही सांगितलं. मी मागची पानं उलटून अण्णांची पहिली नोंद काढली. आईची तारीख तिच्या एकोणीस दिवस आधीची होती. मी ती लिहून घेतली.